पुण्यात करमेना, ती अंतराळात काय राहणार?

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्या पोरीला लहानपणापासून अंतराळवीरच व्हायचंय, यंदा इंजिनिअरिंगला पुण्यात हॉस्टेलला ठेवलंय तर रोज रात्री फोनवर रडते. तिचा मामा म्हणाला, पुण्यात करमेना ती वर काय राहणार, तेव्हापासून पोरगी गप्पच झालीय ओ. वर सहा-सहा महिने राहतात त्यांना घरची आठवण येत नाही का, आणि आली तर कोण बघतं, जरा सांगा की.
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर: येते की, चांगलीच येते. आणि पाठवणारे लोक ती येणारच असं धरूनच चालतात. म्हणजे कुणी खचलं की मग धावाधाव, असं नाही, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नासाच्या माणसाचं साधारण दर दोन आठवड्यांनी मानसतज्ज्ञाशी खासगी बोलणं ठरलेलंच असतं, त्रास असो नसो. आठवड्याला घरच्यांशी व्हिडिओ कॉल असतो, मधे वरून फोनही लावता येतो, आणि मालवाहू यानातून घरच्या वस्तूंचं पार्सल जातं. आपले शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये गेले ते काही आठवड्यांसाठीच, तरी सोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता बघा.

मामांना नासाचे अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांचं नक्की सांगा. सहा महिन्यांसाठी गेलेला माणूस, परतीच्या यानातून कूलंट, म्हणजे यान थंड ठेवणारं द्रव, गळालं म्हणून ३७१ दिवस वर राहिला, २०२३ मध्ये परत आला. एवढं सगळं निभावलं आणि वर स्वतःच सांगितलं की वर्षभर राहायचंय हे आधी कळलं असतं तर घरच्यांसाठी बहुतेक नकोच म्हणालो असतो. डॉक्टर माणूस, सैन्यातला माणूस, त्याला हे बोलायला लाज नाही वाटली, मग आपल्या पोरीला का वाटावी?

खरी अडचण मंगळाच्या वाटेवर येणार, तिथून आवाज एका बाजूला पोचायलाच २२ मिनिटांपर्यंत लागतात, म्हणजे पोरीने ‘आई’ म्हटल्यावर तुमचं ‘काय गं’ तिला ऐकू यायला पाऊण तास. अशा वेळी काय होतं हे बघायला २०१०-११ मध्ये मॉस्कोत सहा जण जमिनीवरच्या नकली यानात ५२० दिवस बंद ठेवले होते, आणि त्यातल्या काहींची झोप पार बिघडली. निवडून घेतलेली माणसं होती ती!

तुम्ही पण फोनची एक वेळ ठरवून टाका, ती रडली की तेव्हाच नाही, रोजची. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवा, तिच्या रूममधल्या पोरींना पुरेल एवढी. आणि जेवण-झोप सुटलीय असं वाटलं तर वाट बघू नका, कॉलेजच्या काउन्सेलरकडे जायचंय, पहिल्यांदा तुम्ही सोबत जा.