चीक आधी कुणाचा?

प्रश्न: आमची म्हैस व्यायला झाली आहे. खरवस खाल्ला की मुलांची प्रतिकारशक्ती वाढते, असं सासूबाई म्हणतात. चिकाच्या पावडरीच्या गोळ्याही मिळतात. यात तथ्य किती?
– एक वाचक, फलटण

उत्तर: ताई, चिकात ताकद आहे, पण ती पारडासाठी. गाई-म्हशींच्या गर्भाला आईच्या अँटीबॉडी वारेतून मिळत नाहीत. पारडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात त्या जवळपास नसतातच. सगळी भिस्त चिकावर. गाईच्या चांगल्या चिकात त्या लिटरला 50 ग्रॅम किंवा जास्त असतात, रोजच्या दुधात एखादा ग्रॅम. अँटीबॉडी हीसुद्धा प्रथिनंच. ती जंतूला चिकटली की पांढऱ्या पेशी त्याला चटकन ओळखून गिळतात.

नवजात पारडाच्या आतड्यातून ही प्रथिनं अख्खीच्या अख्खी रक्तात जातात, पण फक्त पहिला दिवस, आणि तासागणिक कमी कमी. म्हणून ‘जार (म्हणजे वार) पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही रीत मला फार खटकते. जार पडायला कधी आठ-दहा तास लागतात. तोवर उपाशी ठेवलेली आणि पुढे हगवणीनं मान टाकलेली पारडं मी जनावरांचा डॉक्टर म्हणून गोठ्यागोठ्यांत पाहिली आहेत. जाराची वाट बघू नका. सड धुवा आणि दोन तासांच्या आत पारडू पाजा. 30 किलोच्या पारडाला पहिल्या दिवसात तीन लिटर तरी, दोन-तीन वेळा मिळून.

आता खरवस. चीक वाफवल्यावर घट्ट होतो तो मुख्यतः याच प्रथिनांमुळे. आठवड्यानंतरचं दूध कितीही वाफवा, वडी पडणार नाही. उष्णतेनं ही प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंततात, आणि मग जंतू धरणं त्यांना जमत नाही. मुलांना उत्तम प्रथिनं मिळतात, तयार प्रतिकारशक्ती नाही. पण म्हणून कच्चा चीक चाखवायला जाऊ नका. ब्रुसेलाचे जंतू त्यातून माणसात येतात.

गोळ्यांच्या जाहिरातींत ‘लॅक्टोफेरिन’ वाचलं असेल. हे दुधातलं प्रथिन जंतूंना लागणारं लोह अडवून धरतं आणि पांढऱ्या पेशींच्या कामावरही परिणाम करतं. प्रयोगशाळेत हे दिसलेलं आहे. पण ब्रिटनमध्ये अपुऱ्या दिवसांच्या दोन हजारांवर बाळांवर गाईच्या लॅक्टोफेरिनची चाचणी झाली. 2019 साली निकाल आला: जंतुसंसर्ग कमी झाला नाही. तेव्हा गोळ्यांवर पैसे घालू नका.

खरवस जरूर करा, पारडाचं पोट भरून उरलेल्या चिकाचा.