गोव्यात कुणबी साडीच्या कापडाचे कुर्ते-जॅकेट शिवून धंदा होईल का?

होईल, पण आधी कापड ओळखायला शिका. लाल-पांढऱ्या चौकडीचं छापील कापड बाजारात ‘कुणबी’ म्हणून सर्रास खपवतात. उलटी बाजू बघा: विणलेली चौकड दोन्हीकडून सारखीच दिसते, छापलेली मागून फिकी पडते. हातमाग की यंत्रमाग हे ओळखणं मात्र कठीण, म्हणून थेट विणकराकडूनच घेतलेलं बरं.

ही मुळात शेतात राबणाऱ्या कुणबी-गावडा बायांची साडी. नेसण आखूड, पदराची खांद्यावर गाठ, म्हणजे चिखलात लावणी करताना हात मोकळे. गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे ती मागे पडली. 2010 च्या सुमारास गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती फॅशन वीकच्या रॅम्पवर नेली आणि पणजीच्या बायकाही विचारू लागल्या.

आता धंद्याचं. चौकड शिवणीवर जुळली नाही तर महागडा कुर्ताही गबाळा दिसतो. जुळवायची तर कापड जास्त लागतं, ते किमतीत धरा. लाल रंग पांढऱ्यावर उतरतो का, हे तुकडा धुऊन बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन, फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका.

आणि एक, माझं मत म्हणून घ्या: लेबलवर ‘ट्रायबल’ लिहून मोकळं होऊ नका. गोव्यातल्या कुणबी, गावडा, वेळीप समाजांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्यातल्याच कुणाला भागीदार करता आलं तर बघा, नुसती शिलाईची मजुरी देऊ नका.