जादा शिखर कुणाचं?

प्रश्न: मातीतल्या हाडाच्या डीएनए आलेखात एक जादा शिखर आलंय. दुसऱ्या व्यक्तीचं समजायचं का?

उत्तर: लगेच नको. मी आधी ते ॲलेलिक लॅडरच्या, म्हणजे ज्ञात मानवी ॲलेलांच्या (डीएनएच्या पर्यायी रूपांच्या) मोजपट्टीच्या, खणात बसतं का, ते पाहते. दोन खणांच्या मध्ये, एकटंच, इतर मार्करांवर (डीएनएतल्या तपासायच्या ठरावीक जागांवर) कुठेही साथ नसलेलं शिखर दिसलं की मला मातीतल्या जिवाणूंचा संशय येतो. दुसरी व्यक्ती असेल, तर ती सहसा अनेक मार्करांवर दिसते. अमेलोजेनिन या लिंग ओळखण्याच्या मार्करच्या आसपास तर काही सस्तन प्राण्यांचा डीएनएही उमटतो. त्याच अर्काची पुन्हा पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) करा. निगेटिव्ह कंट्रोल, म्हणजे डीएनए न घातलेला नमुनाही तपासा. प्राणी ओळखायचा तर सायटोक्रोम बी जनुकाचा क्रम वाचावा लागेल. मात्र दुर्मीळ मानवी ॲलेलही लॅडरबाहेर पडतात, त्यामुळे असं शिखर गुपचूप पुसणं मला अजिबात मान्य नाही. अहवालात त्याची नोंद हवीच.