सागाची खिडकी विकू नका, आतून दुसरी काच लावा

ताई, आमचं घर जुन्या धुळ्यात आहे, आजोबांनी बांधलेलं. रस्त्याकडच्या खोलीला सागाच्या दोन मोठ्या खिडक्या आहेत. काचेची तावदानं, झडपा बाहेर उघडतात, आतून लोखंडी गज. आता रात्रभर ट्रक आणि हॉर्न चालू असतात. वडिलांना अर्धांगवायू झालाय, ते त्याच खोलीत झोपतात आणि दर थोड्या वेळाने दचकून जागे होतात. काँट्रॅक्टर म्हणतो, खिडक्या काढा, अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवतो, आवाज बंद. जुना साग तोच विकत घ्यायला तयार आहे. काय करावं?
— एक वाचक, धुळे

भाऊ, साग देऊ नका. काँट्रॅक्टर तुमच्या खिडक्यांचं मोल जाणून आहे म्हणूनच मागतोय. सातपुड्याच्या जुन्या सागाची ती चौकट आजच्या बाजारात तशी मिळणार नाही, आणि तुमचं दुखणं त्या चौकटीत नाहीच.

दोन ट्रॅकच्या साध्या स्लायडिंग खिडकीत दोन पल्ले एकमेकांवरून सरकतात, म्हणजे त्यांच्यामध्ये फट ठेवावीच लागते. खाली ट्रॅकला पाणी जायला भोकं असतात. आवाज हवेतून येतो, जिथून हवा येते तिथून तो येणारच. खिडकीच्या शंभराव्या भागाएवढी जागा उघडी राहिली, तर उरलेल्या भागात कितीही भारी काच लावा, ती खिडकी २० डेसिबलच्या पुढे आवाज अडवू शकत नाही. हा हिशेब काँट्रॅक्टर सांगत नाहीत. म्हणून जुन्या खिडकीच्या जागी नवी साधी स्लायडिंग लावून घरोघरी पैसे जातात आणि हॉर्न तेवढाच ऐकू येतो.

तुमच्या घराजवळ मात्र एक गोष्ट आहे जी नव्या फ्लॅटवाल्यांकडे नाही, ती म्हणजे जाड भिंत. जुन्या धुळ्यातल्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या. चौकट बाहेरच्या अंगाला बसवलेली असते आणि आत हातभर खोल कोनाडा राहतो. त्याच कोनाड्यात, जुन्या काचेपासून चार ते सहा इंच आत, दुसरी स्वतंत्र चौकट बसवायची आणि तिच्यात दुसरी काच. जुन्या खिडकीला एक खिळाही मारायचा नाही. उष्णतेसाठी दोन काचांत पाऊण इंच अंतर पुरतं, पण आवाजासाठी ते चार इंचांच्या खाली येऊ देऊ नका. अंतरावरच सगळा खेळ आहे. बाजारात तयार मिळणाऱ्या दुहेरी काचेत दोन काचा अर्ध्या इंचावर असतात. ती एसीच्या खोलीला चांगली, ट्रकच्या आवाजाला तेवढी नाही.

दोन्ही काचा एकाच जाडीच्या नकोत. प्रत्येक जाडीची काच ठरावीक सुरांना जास्त वाट देते. जाड्या वेगळ्या असल्या की एकीतून सुटलेला सूर दुसरी पकडते. तुमच्या जुन्या काचा बहुतेक ३ मिलिमीटरच्या असतील. आतली ६ मिलिमीटरची घ्या, आणि जमत असेल तर लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा असलेली. फुटली तरी तुकडे अंगावर पडत नाहीत. आजारी माणसाच्या उशाशी ही गोष्ट मी आवाजापेक्षाही महत्त्वाची मानते.

आता वजन. काचेचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरा. चार फूट बाय तीन फुटांची ६ मिलिमीटर काच साधारण सतरा किलो भरते. म्हणून एकच मोठा पल्ला न करता दोन पल्ले करा, बिजागरीवर, खोलीत उघडणारे. सरकते करू नका. तुमच्या झडपा बाहेर उघडतात आणि त्या ओढून घ्यायला गजांतून हात घालावा लागतो. आतली काच सरकती असेल तर कायम अर्धीच जागा मोकळी होईल, आणि पावसाची सर आली की पलीकडची झडप कोण लावणार? आतली काच घट्ट ठोकून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका. सकाळी दोन्ही उघडून खोलीत वारा खेळू द्या. आजारी माणसाच्या खोलीला तो हवाच.

माझे वडील चोपड्याला सुतारकाम करायचे. खिडकी दुरुस्तीला आली की ते आधी उदबत्ती पेटवायचे. वारा असलेल्या संध्याकाळी खिडकी लावून घ्या आणि उदबत्ती चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर जिथे थरथरतो, आत वळतो, तिथे खडूने खूण करा. बिजागरीच्या बाजूला, खालच्या आडव्या पट्टीजवळ आणि दोन झडपा जिथे भेटतात तिथे खुणा होणारच. झडप लोंबली असेल तर बिजागरीचे स्क्रू काढून भोकात सागाची चिपटी गोंद लावून ठोका आणि तिच्यात नवा स्क्रू बसवा. काचा खडखडत असतील तर जुनी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, खरवडून काढा. नवी लांबी खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली असावी. तेल आत मुरायला आणि लांबी कडक व्हायला काही आठवडे लागतात, तोवर रंग देऊ नका. सुताराला घाई असते, तुम्ही करू देऊ नका. ही दुरुस्ती दुसऱ्या काचेच्या आधी व्हायला हवी.

आतल्या पल्ल्यांना चारी बाजूंनी रबरी पट्टी, आणि ओढून घट्ट बसवणारी कडी. नवी चौकट भिंतीला जिथे टेकते तिथली सांद सिलिकॉनने भरा, प्लास्टरने नाही. प्लास्टर एका उन्हाळ्यात तडकतं. दोन काचांमधल्या जागेत भिंतीच्या ज्या बाजू दिसतात, त्यांना जाड नमदा (दाबलेल्या लोकरीचं कापड) किंवा आवाज शोषणारा फोम चिकटवा. थर्माकोल लावू नका. तो आवाज शोषत नाही, आणि तरीही जो तो तोच सुचवतो.

एवढं नीट झालं तर खिडकी ४० डेसिबलच्या वर आवाज अडवू शकते. तुमची जुनी, फटींसह, बहुधा त्याच्या निम्म्यावर असेल. आवाज १० डेसिबलने उतरला की कानाला तो अर्धा वाटतो. सरकारी नियमात वस्तीच्या भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तुमच्या रस्त्यावर ती कागदावरच आहे, हे तुम्हाला रोज रात्री कळतंय. तरी आधीच सांगून ठेवते, हॉर्न खूप उतरेल, पण उभ्या ट्रकची जमिनीतून येणारी घरघर तेवढी उतरणार नाही. आणि खिडकीवर झरोका असेल, किंवा खोलीवर पत्रे असतील, तर आधी ते बघा. पत्र्यातून आवाज येत असताना खिडकीवर खर्च करण्यात अर्थ नाही.

माझी वरच्या मजल्यावरची खोली पश्चिमेला आहे. मे महिन्यात संध्याकाळी भिंतीला हात लाववत नाही. डेझर्ट कूलर खिडकीत बसवलाय. आतून दुसरी काच लावली तर खोली थंड राहील का? मोबाइलवर तसं बघितलं.
— एक गृहिणी, भुसावळ

वहिनी, तुमच्या खोलीला नाही राहणार. तुम्ही जे बघितलं ते थंड देशातलं असणार. तिथे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ही काच लावतात, आणि तिथे तिचा उपयोग मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने जुन्या खिडक्यांवर मोजमाप केलं होतं. आतून दुसरी काच लावल्यावर खिडकीतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटली. तुमच्यासाठी त्याच मोजमापातला दुसरा आकडा बघा. नुसती लाकडी झडप लावून घेतली तरी ती ५१ टक्क्यांनी घटली. आपल्या आज्या सकाळी दहाला झडपा ओढून घ्यायच्या आणि दिवस मावळला की उघडायच्या, त्यांचं बरोबर होतं.

भुसावळला खोली तापते ती थेट उन्हामुळे. साध्या काचेतून उन्हातली ऐंशी टक्क्यांच्या आसपास उष्णता आत येते. दुसरी साधी काच लावून ती सत्तरवर आली तर नशीब. एकदा ऊन काचेच्या आत आलं की ते तुमचंच झालं. म्हणून ते बाहेरच अडवायला हवं.

वर छज्जा असेल, तरी तो पश्चिमेला कामाचा नाही. आपण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा ऊन येतच नाही. मारतात त्या पूर्व आणि पश्चिम, कारण तिकडून ऊन तिरपं येतं आणि छज्जाखालून थेट गादीवर पडतं. तिथे उभा आडोसा लागतो. वाळ्याचे तट्टे, बांबूची चिक, नाहीतर रोपवाटिकेला लावतात तसं शेडनेट, जे जळगाव जिल्ह्यात कुठल्याही शेती दुकानात मिळतं. खिडकीपासून वीतभर पुढे टांगा, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाईल. आतून पडदा कितीही जाड लावला तरी ऊन तोवर घरात आलेलं असतं.

दुसरं कारण तुमचा कूलर. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत फेकतो. आत आलेल्या हवेला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट लागते. वाट बंद केली की खोली दमट होते, अंगाला चिकटा सुटतो, आणि कूलर बिघडला असं वाटतं. कूलरच्या खोलीत खिडक्या घट्ट करू नका, समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. दुसरी काच एसीच्या खोलीत शोभते.

आणखी एक, कोणी काळी फिल्म चिकटवून मग आतून काच लावायला सांगेल. तसं करू नका. दोन काचांमधली हवा भट्टीसारखी तापते, आणि काचेचा अर्धा भाग सावलीत व अर्धा उन्हात असेल तर बाहेरची काच तडकू शकते.

आम्ही एसीच्या बेडरूमला दुसरी काच लावली. उन्हाळा छान गेला. श्रावणात दोन काचांच्या मध्ये पाणी साचू लागलं. काम चुकलं का?
— एक वाचक, फैजपूर

काम चुकलेलं नाही, एसी फार खाली ठेवताय. पावसाळ्यात बाहेरची दमट हवा जुन्या खिडकीच्या फटीतून मधल्या जागेत शिरते, आणि एसीने गार पडलेल्या आतल्या काचेला तिचं पाणी सुटतं. एसी २५-२६ वर ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच थांबतं. जुन्या खिडकीचा फटींचा भाग पावसापुरता नीट करा. आणि आतले पल्ले उघडून कोरड्या फडक्याने पुसा, सागाची खालची पट्टी विशेष करून. तिथे ओल राहिली तर लाकूड कुजतं आणि मग वाळवीही तिथूनच धरते.

थंडीत उलटं होईल. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा घरातला दमटपणा आतल्या पल्ल्याच्या फटीतून मध्ये जाऊन बाहेरच्या गार काचेवर दव धरतो. तसं दिसलं तर आतल्या पल्ल्याची रबरी पट्टी बदला. आतली काच बाहेरच्यापेक्षा नेहमी घट्ट असावी.

घर भाड्याचं आहे. मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. जिनिंगजवळ राहतो, हंगामात कपाशीची रुई आणि धूळ घरभर होते. अॅक्रिलिकचा पत्रा लोहचुंबकाच्या पट्टीवर बसवतात म्हणे, तो चालेल?
— एक वाचक, नंदुरबार

धुळीसाठी चालेल. तो काचेच्या निम्म्या वजनाचा असतो आणि जाताना सोबत नेता येतो. ३ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नका, पातळ पत्रा वाऱ्याने फुगतो आणि पट्टी सोडतो.

अॅक्रिलिक उष्णतेने काचेपेक्षा बरंच जास्त वाढतं. मीटरभर लांबीला तीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन मिलिमीटर. सकाळी गारव्यात अगदी मापात कापून बसवलात तर दुपारी मधोमध फुगेल. मापाला चारी बाजूंनी तीन मिलिमीटर कमी कापा, ती जागा पट्टीखाली झाकली जाते. पट्टी चिकटवण्याआधी चौकट साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. ऑइलपेंट सुटत असेल तर आधी तो घासून काढा, नाहीतर पट्टी रंगासकट खाली येईल. पुसताना कोरडं फडकं मारू नका, रुईतली कचर ओरखडे पाडते. आधी पाणी ओता, मग मऊ सुती कापड. स्पिरिट किंवा थिनर तर लावूच नका, पत्र्याला बारीक तडे जातात. पश्चिमेच्या खिडकीला हे बसवू नका, तिथल्या उन्हात चिकटपट्टी टिकत नाही.