अडीच महिन्यांच्या लॅब्राडोर पिल्लाला कोणतं ड्राय फूड द्यावं? वर कॅल्शियमची पावडर द्यायची का?

आधी पावडर बंद करा, प्लीज. मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम बाहेर टाकता येत नाही, ते अंगात शोषलं जातं आणि वाढणारी हाडं-सांधे बिघडतात. आमच्या ब्रूनोच्या वेळी दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकूंनी प्रेमानेच डबा आणून दिलेला, मी महिनाभर दिली, मग डॉक्टरांनी पुढचे पाय बघून थांबवली, ते अजून मनाला लागतं.

फूड घेताना पिशवीवरचा कुत्र्याचा फोटो नका बघू, मागे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. 'लार्ज ब्रीड पपी' हवं, प्रोटीन २२ टक्क्यांच्या वर, आणि कॅल्शियम साधारण १.२ ते १.८ टक्क्यांमधे, आकडा दिलाच नसेल तर मी ती पिशवी घेत नाही. ॲडल्टचं स्वस्त पडतं म्हणून आत्तापासून ते नको. सुटं पण नको, बडोद्याच्या पावसाळ्यात दाणे मऊ पडतात, खवट वास येतो, छोटी पिशवी घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

जुनं खाणं एकदम बंद करू नका, ७-१० दिवसांत थोडं थोडं बदला नाहीतर जुलाब ठरलेले. दिवसातून तीनदा, मोजून. बरगड्यांवरून हात फिरवा, बोटांना लागल्या पाहिजेत पण लांबून दिसता कामा नयेत, गुबगुबीत पिल्लू गोड दिसतं हो, पण त्याच्या सांध्यांना ते वजन झेपत नाही.