गहू, नत्र आणि दुष्काळ: सुरुवात कुठून करावी?

दुष्काळात गव्हाची नत्र वापरणारी जनुकं कशी वागतात ते बघायचंय? मग पहिल्याच प्रयोगात वीस जनुकं घेऊ नका. दोन पुरेत: नायट्रेट रिडक्टेज आणि ग्लुटामाइन सिंथेटेज या विकरांची (एन्झाइमांची). मातीतलं नायट्रेट अमिनो आम्लांपर्यंत पोचतं त्या वाटेवरची ही मोठी नाकी. ती कळली की बाकीचं सोपं जातं.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- नेहमीचा गहू षट्गुणित (गुणसूत्रांचे सहा संच), ४२ गुणसूत्रांचा. बहुतेक जनुकांच्या ए, बी, डी अशा तीन प्रती. तुमचा प्रायमर (जनुक मोजायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) नेमका कुठल्या प्रतीला चिकटतोय ते आधी बघा.
- नुसतं पाणी तोडलं म्हणजे सगळ्यांना सारखा ताण बसला असं नाही. कुंड्यांचं रोज वजन करा, पानातलं सापेक्ष जलप्रमाण (पाण्याने पूर्ण भरलेल्या पानाच्या तुलनेत किती पाणी आहे ते) मोजा. मोठं रोप पाणी लवकर संपवतं आणि बिचारं उगाच नाजूक ठरतं.
- पानं ठरलेल्या वेळीच तोडा. नायट्रेट रिडक्टेज उजेडाबरोबर चढतं-उतरतं. मी एकदा अर्धे नमुने सकाळी घेतले, अर्धे जेवण झाल्यावर. दुष्काळाचा म्हणून मिरवलेला फरक घड्याळाचा निघाला!

आणि हो, जनुकाची अभिव्यक्ती (ते किती चालू आहे) वाढली म्हणजे विकराचं काम वाढलंच असं नसतं. तेही मोजा. जनुक-संपादनाचं नंतर बघू.