चूक त्याची, मग राग माझ्यावर का?

प्रश्न: गणेश चवथीला आम्ही सगळे मूळ घरी जमतो. कुळागराची, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेची वाटणी करताना मोठ्या भावाने माझ्या वाट्याच्या पोफळी आपल्याकडे घेतल्या. मी भांडलो नाही, तरी बोलणं त्यानेच टाकलंय. रोमन लोकांनी माणसाच्या स्वभावावर एवढं लिहिलंय म्हणतात, त्यात याचं काही उत्तर आहे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: आहे, आणि अगदी नेमकं आहे. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने इ.स. ९८ च्या सुमारास आपल्या सासऱ्याचं, अग्रिकोलाचं चरित्र लिहिलं. हा ब्रिटनचा गव्हर्नर, मोहिमा जिंकलेला, आणि जिंकला म्हणूनच सम्राट डोमिशियनच्या डोळ्यात सलायला लागलेला. पुढे आशिया किंवा आफ्रिका प्रांताचं मोठं पद मिळायची त्याची पाळी आली तेव्हा सम्राटाच्या माणसांनी आधी गोड बोलून आणि मग धमकावून त्याला नको म्हणायला लावलं, सम्राटाने तो नकार असा मान्य केला की जणू उपकारच केले, वर त्याच्याकडून आभार मानून घेतले, आणि अशा वेळी द्यायची रीत होती तो पगारही दिला नाही. इथेच टॅसिटस लिहितो की ज्याचं आपण वाईट केलं त्याचाच द्वेष करणं हा माणसाचा स्वभाव आहे. सेनेका या रोमन तत्त्वज्ञानेही रागावरच्या ग्रंथात माजलेल्या माणसांबद्दल हेच म्हटलंय.

मला वाटतं तुम्ही समोर आलात की भावाला आपण केलेलं आठवतं, आणि स्वतःला दोष देण्यापेक्षा तुमच्यात खोट काढणं सोपं जातं. तुम्ही गप्प राहिलात हेच कदाचित जास्त टोचत असेल.

आपलं वाईट वागणं राज्यंही असंच झाकतात बरं का. त्याच पुस्तकात रोमशी लढणारा ब्रिटनमधला सरदार कॅलगॅकस म्हणतो की हे रोमन लोक लुटीला साम्राज्य म्हणतात, आणि सगळं ओसाड करून त्याला शांतता म्हणतात. हे भाषण रोमन माणसाने शत्रूच्या तोंडी घातलंय, म्हणून मला ते फार मोठं वाटतं.

मग करायचं काय? सिसेरो या रोमन वक्त्या-विचारवंताने इ.स.पू. ४४ मध्ये मुलासाठी कर्तव्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात तो म्हणतो की ज्याने आपलं वाईट केलं त्याच्याशीही आपली काही कर्तव्यं असतात, सूड आणि शिक्षेला मर्यादा हवी, त्याला पश्चात्ताप झाला तरी कदाचित पुरे. पण हाच सिसेरो युद्ध पूर्ण नाकारत नाही, अन्याय न सोसता शांततेत जगता यावं एवढ्यासाठीच ते करावं म्हणतो. म्हणजे संयम ठेवायचा, पण हक्क सोडायचा नाही.

म्हणून चवथीला जा, गणपतीवर फळांची माटोळी बांधायला हात लावा, पण वाटणीचा विषय त्या दिवशी काढू नका. नंतर दोघांचाही मान असलेला कोणी वडीलधारा मध्ये बसवा आणि जे ठरेल ते लेखी घ्या. नाहीच ऐकलं तर वकिलाला विचारून इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातून वारसांमध्ये वाटणी करून घेण्याचा मार्ग आहेच, त्यात भावाशी वैर धरलं असं मानायचं काही कारण नाही.